शोकांतिकेचे अध्ययन आणि वाक्यशुद्धीचा सराव : ‘हॅम्लेट’ व आगरकरांचा वाक्यविचार यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठीच्या अध्यापनात साहित्य आणि व्याकरण हे विषय एकाच वेळापत्रकात असतात, परंतु त्यांची भेट क्वचितच होते. नाटकाच्या तासाला कथानक, संघर्ष, स्वभावचित्रण आणि शेवट यांची चर्चा होते. व्याकरणाच्या तासाला ‘वाक्य शुद्ध करून पुन्हा लिहा’, ‘प्रयोग ओळखा’, ‘सूचनेप्रमाणे वाक्यपरिवर्तन करा’ असे प्रश्न सोडविले जातात. या दुसऱ्या तासातील वाक्ये बहुधा कोणाचीच नसतात. राम आंबा खातो, गवळी धार काढतो, शिक्षक मुलांना शिकवितात. त्या वाक्यांत कोणाचे काही पणाला लागलेले नसते, त्यामुळे ती शुद्ध झाली काय आणि अशुद्ध राहिली काय, एका गुणापलीकडे विद्यार्थ्याचे काही बिघडत नाही. उलट नाटकाच्या तासाला माणसे मरतात, राज्ये बुडतात, परंतु ज्या वाक्यांतून हे घडते त्या वाक्यांच्या रचनेकडे पाहिले जात नाही.

प्रस्तुत लेखात या दोन तासांमधील भिंत कितपत आवश्यक आहे याचा विचार केला आहे. त्यासाठी शेक्सपिअरची ‘हॅम्लेट’ ही शोकांतिका आणि तिचे मराठी रूपांतर करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांचा वाक्यविचार हे दोन आधार घेतले आहेत. हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका यासारख्या सीमेवरील गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार येथे मुद्दाम केला आहे. ‘शुद्ध वाक्य कोणते?’ हा प्रश्न त्याच्यासमोर अधिक तीव्रतेने उभा राहतो, कारण त्याची घरची भाषाच दोन बोलींच्या वेशीवर घडलेली असते. लेखातील मराठी उदाहरणवाक्ये सरावासाठी रचलेली आहेत, ती कोणत्याही अनुवादातून घेतलेली नाहीत.

आगरकर : एका लेखणीची दोन कामे

मराठीत शेक्सपिअरच्या शोकांतिकेचा प्रवेश महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या ‘ऑथेल्लो’ने १८६७ मध्ये झाला. त्यानंतरच्या टप्प्यात आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या कारावासात आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर काम केले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी यांनी या नाटकातील चंद्रसेनाची, म्हणजेच हॅम्लेटची भूमिका गाजविली.

१८८८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ‘सुधारक’ पत्र सुरू झाले त्याच वर्षी, आगरकरांचा ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी व्याकरणाचा भर मुख्यत्वे शब्दांच्या जाती आणि विकार यांवर राहिला होता. आगरकरांच्या ग्रंथाचे महत्त्व असे की, त्यात वाक्य हा विचाराचा केंद्रबिंदू झाला. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, त्यांचे विस्तार कोणते, मुख्य वाक्य आणि गौण वाक्य यांचा संबंध कोणता, ही पृथक्करणाची दृष्टी त्यातून मराठी अभ्यासकाच्या हाती आली.

आगरकरांच्या चरित्रात ही दोन पुस्तके बहुधा स्वतंत्र नोंदींच्या रूपाने येतात. एक नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात, तर दुसरे व्याकरणाच्या इतिहासात. वस्तुतः दोहोंचा कर्ता एक आहे, तो शिक्षक आहे आणि दोन्ही कामांमध्ये अवघ्या पाच वर्षांचे अंतर आहे. भाषांतरकाराला प्रत्येक वाक्य उकलून पुन्हा बांधावे लागते, त्यामुळे पृथक्करण हा त्याचा रोजचा व्यवसायच असतो. ‘विकारविलसित’मुळेच ‘वाक्यमीमांसा’ सुचली असा दावा येथे करावयाचा नाही. शोकांतिका आणि वाक्यविचार ही दोन कामे एकाच बुद्धीला एकाच दशकात महत्त्वाची वाटली, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. अध्यापनाच्या सोयीसाठी आपण त्यांची जी फारकत केली आहे ती आगरकरांच्या लेखनात नाही.

ॲरिस्टॉटलची साक्ष आणि तिची अडचण

शोकांतिकेच्या शास्त्राचा आद्य ग्रंथ मानला जाणारा ॲरिस्टॉटलचा ‘काव्यशास्त्र’ हा ग्रंथही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. शोकांतिकेच्या सहा घटकांत त्याने पदरचनेला स्थान दिले आणि विसाव्या प्रकरणात वर्ण, अक्षर, नाम, क्रियापद, विकार आणि वाक्य यांची रीतसर चर्चा केली. म्हणजे शोकांतिकेच्या पहिल्या शास्त्रग्रंथातच एक छोटेसे व्याकरण समाविष्ट आहे. तेराव्या प्रकरणात नायकाच्या अधःपाताचे कारण म्हणून जो शब्द येतो त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. मराठीत आपण त्याला प्रमाद म्हणतो, साध्या भाषेत चूक. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील चूक आणि नायकाच्या आयुष्यातील चूक यांना मराठीतही एकच शब्द आहे.

मात्र ॲरिस्टॉटलची साक्ष सर्वस्वी अनुकूल नाही. एकोणिसाव्या प्रकरणात तो प्रोटॅगोरसच्या एका आक्षेपाचा उल्लेख करतो. होमरने महाकाव्याच्या आरंभी देवतेची प्रार्थना करावयाची म्हणून प्रत्यक्षात तिला आज्ञाच केली, असा तो आक्षेप होता. अभिजात काव्यावर झालेली ही एक जुनी ‘वाक्यशुद्धी’च होय. ॲरिस्टॉटल हा आक्षेप बाजूला सारतो. आज्ञा कोणती, प्रार्थना कोणती, प्रश्न कोणता हे पाहणे काव्यशास्त्राचे काम नव्हे, असे त्याचे मत आहे.

होमर चुकला नाही हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे मान्य करावेच लागेल. परंतु तो का चुकला नाही, हे सांगण्यासाठी व्याकरणाचाच आश्रय घ्यावा लागतो. मराठी व्याकरणाचे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगते की, आज्ञार्थी क्रियापदाने आज्ञेप्रमाणेच विनंती, प्रार्थना, उपदेश आणि आशीर्वाद हेही व्यक्त होतात. ‘देवा, सर्वांना सुखी ठेव’ या वाक्यात देवाला हुकूम सोडलेला नाही, हे शाळकरी मुलालाही कळते. प्रोटॅगोरसची चूक व्याकरण अधिक पाहिल्यामुळे झाली नाही. त्याने रूप पाहिले आणि त्याचे कार्य पाहिले नाही. वर्गातील वाक्यशुद्धीचा सरावही नेमका याच ठिकाणी घसरतो.

नाटकातच असलेली वाक्यदुरुस्ती

‘हॅम्लेट’ या नाटकाकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. या नाटकातील माणसे वारंवार एकमेकांची वाक्ये दुरुस्त करतात.

पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राणी गर्ट्रूड पुत्राला विचारते की, मरण हे सर्वांनाच आहे, मग ते तुला एवढे विशेष का भासते? हॅम्लेट दुःखाची चर्चा करण्याआधी तिचे क्रियापद पकडतो. भासण्याशी आपला संबंध नाही, जे आहे ते आहे, असा त्याच्या उत्तराचा रोख आहे. ‘भासणे’ खोडून ‘असणे’ हे क्रियापद घालण्याची ही दुरुस्ती आहे. दिसणे आणि असणे यांतील अंतर हा संपूर्ण नाटकाचा विषय आहे आणि तो प्रथम एका क्रियापदाच्या दुरुस्तीतून प्रकट होतो.

तिसऱ्या अंकात, राणीच्या महालात, हीच जोडी पुन्हा समोरासमोर येते. तू आपल्या वडिलांना फार दुखावलेस, असे आई म्हणते. तिच्या मनातील ‘वडील’ म्हणजे क्लॉडियस. मुलगा तेच वाक्य जवळजवळ जसेच्या तसे परत करतो. संबोधन बदलते आणि दोन सर्वनामे बदलतात. इंग्रजीत आईने मुलासाठी जवळिकीचे एकवचनी सर्वनाम वापरले आहे, तर मुलगा आईसाठी अंतर राखणारे सर्वनाम वापरतो. मराठीत हा भेद ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतून सहज उतरतो, ही मराठी अनुवादकाची मोठी सोय आहे. ‘तुझे वडील’ या पदाच्या जागी ‘माझे वडील’ हे पद येताच त्याच नामाने निर्दिष्ट होणारी व्यक्ती बदलते. जिवंत राजाच्या जागी मृत राजा उभा राहतो. व्याकरणाच्या तासाला ‘सर्वनाम बदलून वाक्य पुन्हा लिहा’ असा जो प्रश्न विचारला जातो, त्याचेच हे रूप आहे. फरक एवढाच की, येथे सर्वनाम बदलल्याने एका स्त्रीच्या दुसऱ्या विवाहाचा संपूर्ण निवाडा होतो.

तिसरे उदाहरण पाचव्या अंकातील स्मशानाचे आहे. खड्डा कोणत्या पुरुषासाठी खणतो आहेस, असे राजपुत्र विचारतो. कबर खोदणारा पुरुष नाकारतो, नंतर स्त्रीही नाकारतो आणि अखेर सांगतो की, जी पूर्वी स्त्री होती तिच्यासाठी, आता ती मृत आहे. लिंग आणि काळ या दोन्ही बाबतींत राजपुत्राचा प्रश्न ढोबळ ठरतो. या माणसासमोर बोलताना शब्द मोजून वापरला पाहिजे, असे हॅम्लेटलाच होरेशियोजवळ कबूल करावे लागते. हा मजूर थोड्याच वेळापूर्वी कायद्याची लॅटिन संज्ञा चुकीची उच्चारून प्रेक्षकांना हसवून गेलेला आहे. त्याची परभाषा अशुद्ध आहे, परंतु स्वतःच्या भाषेतील त्याचा काळ आणि लिंगविवेक राजपुत्रापेक्षा काटेकोर आहे. विद्यापीठात शिकलेल्या नायकाचे वाक्य अक्षरशत्रू मजूर दुरुस्त करतो, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

पृथक्करण, कर्ता आणि प्रयोग

वाक्यपृथक्करणाचा उपयोग क्लॉडियसच्या पहिल्या भाषणात स्पष्ट दिसतो. भावाच्या मृत्यूनंतर लगेच वहिनीशी केलेला विवाह त्याला दरबारात सांगावयाचा आहे. तो कर्म आधी ठेवतो, त्याला एकेकाळचे नाते आणि आताचे पद अशी विशेषणे जोडतो, मध्ये आनंद आणि शोक यांच्या तोलून धरलेल्या जोड्या गुंफतो आणि विवाहाची क्रिया शेवटी उच्चारतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद एवढे लांबणे ऐकणाऱ्याला खटकते. मराठीत क्रियापद शेवटीच येते, म्हणून अनुवादात ही युक्ती विरघळून जाण्याचा धोका असतो. पृथक्करणाचा सराव असलेला विद्यार्थी मात्र विस्तार बाजूला काढून गाभ्यापर्यंत पोहोचतो. ‘आम्ही वहिनीशी लग्न केले’ एवढेच वाक्य खाली उरते. विस्तार कशासाठी होता हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

मराठी शाळेत कर्ता ओळखण्याची एक युक्ती शिकविली जाते. क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ प्रत्यय लावून ‘कोण?’ असा प्रश्न विचारला की कर्ता मिळतो. ‘हॅम्लेट’च्या पूर्वार्धाचा सारा प्रश्न ‘मारणारा कोण?’ हाच आहे. राजाच्या मृत्यूची अधिकृत हकीकत सर्पदंशाची आहे, म्हणजे वाक्यातील कर्ता बदललेला आहे. पिशाच खरा कर्ता सांगते. त्याच्या सांगण्याची खातरजमा करण्यासाठी हॅम्लेट दरबारात नाटक लावतो. कर्त्याचा शोध हीच येथे कथानकाची गती आहे.

पाचव्या अंकात हा प्रश्न नायकावर उलटतो. लेअर्टीझचा पिता पोलोनियस हॅम्लेटच्या हातून मेलेला आहे. क्षमा मागताना हॅम्लेट स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषात करतो, अपराध हॅम्लेटने केला काय, असा प्रश्न विचारतो आणि कर्तेपण आपल्या वेडाकडे सोपवितो. खुनी कोण हे शोधून काढणारा नायक स्वतःच्या कृतीचा कर्ता मात्र वाक्याबाहेर ठेवतो. ही क्षमायाचना प्रामाणिक की सोयीची, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु मतभेद कोठे आहे हे ‘कर्ता ओळखा’ या साध्या प्रश्नाने नेमके दाखविता येते.

हॅम्लेटच्या विलंबाचा प्रश्न तर मराठीच्या क्रियारूपांत अधिक स्पष्टपणे मांडता येतो. पुढील चार वाक्ये पाहावीत : ‘हॅम्लेट काकाला मारत नाही’, ‘हॅम्लेट काकाला मारणार नाही’, ‘हॅम्लेटला काकाला मारता येत नाही’, ‘हॅम्लेटच्याने काकाला मारवत नाही’. पहिले केवळ घटना नोंदविते. दुसऱ्यात निश्चय आहे. तिसऱ्यात बाह्य अडथळा असू शकतो, म्हणजे पहारे, पुराव्याचा अभाव, संधी नसणे. चौथे शक्यार्थक रूप आहे आणि त्यात अडथळा कर्त्याच्या आत आहे. हॅम्लेट का थांबतो याविषयी पाश्चात्त्य समीक्षेत मोठा वाद झाला. बाहेरच्या अडचणी हे कारण मानणाऱ्या मताचे खंडन करून ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ च्या आपल्या ग्रंथात नायकाच्या खोल विषण्णतेवर भर दिला. मराठी विद्यार्थ्याला हा वाद तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांमधील निवड म्हणून समजावून घेता येतो. ‘मारवत नाही’ हे रूप त्याने घरी लहानपणापासून ऐकलेले असते. चढ चढवत नाही, भाकर खाववत नाही, हे बघवत नाही, असे बोलणारी माणसे त्याच्या अवतीभवती असतात. या रूपाला व्याकरणात शक्यार्थक म्हणतात, एवढीच माहिती त्याला नवी असते.

क्रियापदाचे अर्थ आणि नाटकाची गती

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. ‘सूड घेणे’ ही एक क्रिया घेऊन नाटकाकडे पाहिले तर या चारही अर्थांची फेरी पूर्ण झालेली दिसते. पिशाचाची मागणी आज्ञार्थी आहे : ‘सूड घे’. नटाच्या भाषणानंतरच्या आत्मनिर्भर्त्सनेत विध्यर्थ आहे : ‘सूड घ्यावयास हवा होता’. फोर्टिन्ब्रासचे सैन्य पाहिल्यानंतरच्या स्वगतात तोच विध्यर्थ पुन्हा येतो. १६०४-०५ च्या आवृत्तीत असलेले हे स्वगत १६२३ च्या संग्रहात नाही, म्हणजे कोणती संहिता वाचली यावर या फेरीतील एक टप्पा अवलंबून आहे.

संकेतार्थाचे स्थान मध्यावर, प्रार्थनेच्या प्रवेशात आहे. क्लॉडियस गुडघे टेकून बसलेला आहे आणि हॅम्लेटच्या हाती तलवार आहे. आता मारले तर तो प्रार्थनेत मेल्यामुळे स्वर्गाला जाईल, असा विचार करून हॅम्लेट निघून जातो. तो गेल्यावर राजा उठतो आणि आपली प्रार्थना शब्दांपुरतीच राहिली, मन तिच्यात नव्हते, अशी कबुली देतो. म्हणजे ‘जर–तर’ या वाक्यातील ‘जर’चा भाग आधीच खोटा होता. नायकाची संकेतार्थी रचना निर्दोष आहे, तिचा आधार चुकीचा आहे. व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने चुकलेले हे वाक्य पुढील सर्व मृत्यूंना कारण होते. शुद्ध वाक्य म्हणजे सत्य वाक्य नव्हे, याचे याहून परिणामकारक उदाहरण वर्गात देता येणे कठीण आहे.

स्वार्थातील भूतकाळ, ‘सूड घेतला’, हा अगदी शेवटी येतो. तोवर राणी विषाने मेलेली असते, नायकाच्या अंगातही विष भिनलेले असते आणि ती क्रिया ठरवून न होता प्रसंगाने घडून येते.

जे दुरुस्त करू नये

या विवेचनावरून शोकांतिकेतील प्रत्येक वाक्य व्याकरणाच्या तक्त्यात बसवावे असा अर्थ काढू नये. चौथ्या अंकात वेडावलेल्या ऑफिलियाविषयी सांगितले जाते की, तिचे बोलणे तुटक आणि निरर्थक आहे, तरीही ऐकणारे त्या तुकड्यांना आपापल्या विचारांप्रमाणे ठिगळे लावून त्यांतून अर्थ जुळवितात. स्वतः काही ठरविण्याचा अधिकार जिला नाटकभर मिळाला नाही, पित्याने, भावाने आणि प्रियकराने जिला काय करावे आणि काय करू नये हेच सांगितले, ती बोलू लागते तेव्हा तिची वाक्ये पूर्ण होत नाहीत. अशा वाक्यांत उद्देश्य आणि विधेय भरून ती ‘शुद्ध’ करणे म्हणजे ठिगळे लावणाऱ्या दरबाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसणे होय. येथे पृथक्करणाचे काम उलट आहे. वाक्य कोठे तुटले, कोणते पद गळले आणि ते का गळले, एवढेच पाहावयाचे असते.

‘हॅम्लेट’ची मूळ संहिताही दुरुस्तीच्या प्रश्नापासून मुक्त नाही. १६०३, १६०४-०५ आणि १६२३ या तीन प्राचीन मुद्रणांत शब्द, ओळी आणि विरामचिन्हे यांचे अनेक भेद आहेत. त्यांतून संपादकांनी पाठ निश्चित केले. विद्यार्थ्याच्या हातात येणारे पुस्तक हे अनेक पिढ्यांच्या दुरुस्तीचे फलित आहे. हे समजल्यास ‘छापलेले ते शुद्ध’ हा भाबडा समज दूर होतो आणि दुरुस्ती हा युक्तिवादाचा विषय आहे हे ध्यानात येते.

कनेरगाव नाका : वेशीवरची भाषा

कनेरगाव नाका हे अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड मार्गावरील गाव मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर पैनगंगेच्या या टापूत दोन राज्यव्यवस्थांची सीमा निर्माण झाली. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजी अंमल. गावाच्या नावातील ‘नाका’ हा शब्द आजही वेशीची आठवण देतो. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. तथापि शैक्षणिक इतिहास वेगळा राहिला. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आजही हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या, तर वाशीम जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे.

भाषेची वेस मात्र नकाशातील रेषेप्रमाणे सरळ नसते. ‘तो विचार करत आहे’ हा आशय वऱ्हाडी वळणाने ‘तो इचार करून राहिला’ असा, तर मराठवाडी वळणाने ‘तो इचार करायलाय’ असा व्यक्त होतो. वेशीवरील विद्यार्थ्याच्या कानावर दोन्ही रूपे असतात. उत्तरपत्रिकेत तो ‘हॅम्लेट विचार करून राहिला’ असे लिहितो तेव्हा त्याखाली लाल रेघ येते. रेघ मारण्यास हरकत नाही, तिचे कारण मात्र सांगितले पाहिजे. प्रमाण मराठीत ‘करून’ हे रूप क्रिया आधी संपल्याचे सुचविते, म्हणून परगावच्या वाचकाला हॅम्लेटचा विचार संपला असे वाटेल. प्रत्यक्षात तो संपतच नाही, आणि तीच तर त्याची शोकांतिका आहे. एवढे सांगितले की दुरुस्तीला अर्थ येतो. ‘हे अशुद्ध आहे’ एवढेच सांगितले तर आपल्या आईची भाषा चुकीची आहे, एवढाच बोध विद्यार्थ्याला होतो.

बोलीतही प्रयोगव्यवस्था पूर्ण असते. ‘मला मारता येत नाही’ आणि ‘मले मारता येत नाही’ या दोन वाक्यांत विभक्तीचा प्रत्यय वेगळा आहे, विभक्तीचे कार्य तेच आहे. १९६२ च्या लेखननियमांनीही पात्रांच्या तोंडच्या बोलण्यातील रूपांना वाव ठेवलेला आहे. स्मशानातील मजुराचा प्रसंग येथे आठवावा. बोली बोलणाऱ्याला व्याकरण येत नाही हा समज शेक्सपिअरने त्या एका प्रवेशात निकालात काढला आहे.

याउलट काही चुका अशा आहेत की, त्यांना बोलीचे समर्थन देता येत नाही आणि ज्या नाटकाचे आकलनच बिघडवितात. उदाहरणार्थ, ‘हॅम्लेट आपल्या वडिलांचा सूड घेतो’ या वाक्यात सूड वडिलांवर उगवला असा अर्थ होऊ शकतो. ‘वडिलांच्या हत्येचा सूड’ असे म्हटल्याशिवाय मृत राजा बळी आहे की अपराधी हे ठरत नाही. ‘हॅम्लेट क्लॉडियसला आपल्या भावाच्या खुनाची आठवण करून देतो’ या वाक्यातील ‘आपल्या’ हे सर्वनाम कर्त्याकडे जाते, त्यामुळे खून हॅम्लेटच्या भावाचा ठरतो. तेथे ‘त्याच्या’ हवे. ‘पिशाचाची भेट घेऊन हॅम्लेटच्या मनात संशय निर्माण झाला’ या वाक्यात भेट घेणारा हॅम्लेट आणि निर्माण होणारा संशय असे दोन कर्ते आहेत, आणि वाक्याच्या रचनेप्रमाणे भेट संशयानेच घेतली असे होते. ही तीनही वाक्ये दुरुस्त करताना विद्यार्थ्याला पुन्हा नाटकाकडे जावे लागते. कोणी कोणाला मारले, कोण कोणाचा कोण, कोणाच्या मनात काय आले, हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. वाक्यशुद्धीचा सराव साहित्याच्या तासाला शोभतो तो याच कारणाने.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) शोकांतिकेचे अध्ययन आणि वाक्यविचार यांची फारकत ही अध्यापनाच्या सोयीतून आलेली आहे. आगरकरांची १८८३ आणि १८८८ ची पुस्तके एकत्र वाचल्यास तिचे कृत्रिम स्वरूप लक्षात येते.

२) ‘हॅम्लेट’मध्ये क्रियापद, सर्वनाम, लिंग आणि काळ यांची दुरुस्ती हे नाट्यसंघर्षाचे एक साधन आहे, त्यामुळे व्याकरणाचा सराव या नाटकावर बाहेरून लादावा लागत नाही.

३) कर्ता, प्रयोग आणि क्रियापदाचे अर्थ या मराठी व्याकरणातील संकल्पनांच्या साहाय्याने नायकाच्या विलंबासारखे समीक्षेतील जटिल प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वभाषेत नेमकेपणाने मांडता येतात.

४) दुरुस्ती विद्यार्थ्याच्या नाटकाविषयीच्या वाक्यांची व्हावी, नाटकातील पात्रांच्या वाक्यांची नव्हे. पात्राचे तुटलेले वाक्य हा आशयाचा भाग असतो.

५) बोलीतील रूप आणि आकलन बिघडविणारी चूक यांत भेद केला पाहिजे. पहिल्या बाबतीत प्रमाणरूपाचे कारण सांगावे, दुसऱ्या बाबतीत विद्यार्थ्याला संहितेकडे परत पाठवावे.

मरताना हॅम्लेट होरेशियोकडे एकच गोष्ट मागतो. आपली हकीकत ज्यांना ठाऊक नाही त्यांना ती बरोबर सांगितली जावी. राज्य गेले, आप्त गेले, स्वतःचा प्राणही चालला आहे, आणि अशा वेळी त्याला चिंता आहे ती आपल्याविषयी उद्या उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांची. कर्ता बदलला, सर्वनाम चुकले किंवा सूडाचा संबंध भलत्याकडे गेला, तर त्याची ही शेवटची इच्छा अपुरी राहते. कनेरगाव नाक्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘वडिलांचा सूड’ खोडून ‘वडिलांच्या हत्येचा सूड’ असे लिहिले, तर त्याला व्याकरणाचा एक गुण मिळेल. त्याशिवाय होरेशियोवर सोपविलेले कामही त्याने आपल्यापुरते पार पाडलेले असेल.